शाळेतली स्काऊट-गाईड, हरित सेना, आरएसपी, इंटरॅक्ट... सगळी पोरं एका कामाला कशी लावायची?

संगमाकाठची_बाई:
नमस्कार मंडळी, कऱ्हाड भागातल्या एका हायस्कूलात शिकवते, गाईड पथक माझ्याकडं आहे. त्याशिवाय शाळेत राष्ट्रीय हरित सेना, आरएसपी (रस्ता सुरक्षेचं पथक) आणि रोटरीचा इंटरॅक्ट क्लब आहे, म्हणजे नावं चार पण बघायला गेलं तर निम्मी पोरं तीच. प्रत्येकाचे सर वेगळे, रजिस्टर वेगळं, आणि वृक्षारोपण चौघांचं जुलैत त्याच कुंपणाकडेला, मग मार्चमध्ये पाणी कुणी घालायचं हे कुणाच्याच यादीत नसतं आणि रोपं जळतात, फार वाईट वाटतं बघून. यंदा गणपतीत कृष्णेच्या घाटावर निर्माल्य गोळा करायचं काम चौघांनी मिळून घ्यावं असं मनात आहे. मुलं आठवी-नववीची. कुणी केलंय का असं? वाटणी कशी करायची, आणि विसर्जन झालं की सगळं थंड पडू नये म्हणून काय करायचं?

गोदाकाठ:
ताई, आमच्याकडं नाशिकला गोदेवर करतो आम्ही. पहिली गोष्ट, पोरांना पाण्यात उतरू द्यायचं नाही, पायरीवरसुद्धा नाही. भाद्रपदात नदी भरलेली असते, तुमच्याकडं तर कोयनेतून पाणी सोडलं की संगमावर पाणी चढतं, तेव्हा टेबलं घाटाच्या वरच मांडायची, लोक तिथूनच पुढं जातात. पालकांचं संमतीपत्र आणि नगरपालिकेला पत्र आधी द्या, गोळा झालेला कचरा उचलायला त्यांचीच गाडी लागते.

निर्माल्य म्हणजे नुसती फुलं नसतात हे पहिल्या संध्याकाळीच कळतं. कॅरीबॅगेला गच्च गाठ मारून आणलेली असते, आत हार, हारात नायलॉनचा दोरा नि जरीच्या पट्ट्या, दूर्वांच्या जुड्या, अगरबत्तीचं पाकीट, प्लास्टिकची फुलं, कापसाची वस्त्रं, कधी अख्खा नारळ. दोरा तसाच खतात गेला तर तो कुजतच नाही, नंतर खत चाळताना गुंता निघतो. म्हणून प्रत्येक टेबलावर कात्री पाहिजेच आणि खाली वेगवेगळे क्रेट, फुलंपानं एकात, दोरे-जरी-प्लास्टिक दुसऱ्यात, नारळ-फळं तिसऱ्यात. हातमोजे द्या, हारात टाचण्या आणि तारा असतात.

वाटणी ज्याला जे येतं त्यावरनं करा. स्काऊट-गाईडला दोराच्या गाठी आणि प्रथमोपचार येतो, रांगेसाठी दोर बांधणं आणि औषधाची पेटी त्यांच्याकडं. आरएसपीची मुलं घाटाच्या तोंडाशी पायी माणसांची रांग लावतील, गाड्यांच्या रस्त्यावर मात्र पोलीसच हवेत, पोरं नकोत. हरित सेनेकडं वर्गीकरण आणि पुढं शाळेतला खतखड्डा. इंटरॅक्टनं रोटरीकडनं क्रेट, मोजे, कात्र्या मिळवायच्या. आणि लोकांशी बोलायला मुलीच ठेवा कुठल्याही क्लबच्या, 'काकू, पिशवी मोकळी करून परत देते' असं म्हणलं की कुणी नाही म्हणत नाही हा आमचा अनुभव.

माजी_इंटरॅक्टर:
वरचं सगळं पटलं, पण माझ्या मते मेन प्रश्न हा आहे की ठरवतंय कोण. इंटरॅक्ट १९६२ पासून आहे, १२ ते १८ वयाच्या मुलांसाठी, त्यात अध्यक्ष-सचिव मुलंच असतात आणि वर्षाला निदान दोन प्रकल्प करायचे असतात, एक शाळेसाठी किंवा गावासाठी आणि एक दुसऱ्या देशांची ओळख वाढवणारा. मी शाळेत असताना सचिव होते, मीटिंगचा वृत्तांत लिहायचे, कुणी काय कबूल केलं ते वहीत असायचं म्हणून पुढच्या वेळी विचारता यायचं. शिक्षकांनी यादी वाचून दाखवली की मुलं हजेरीपुरती येतात हो. तुम्ही चारी क्लबचे दोन-दोन प्रतिनिधी घेऊन एक समिती करा, मीटिंग त्यांनीच चालवायची, सरांनी मागं बसायचं. एक पोरगी दोन क्लबात असेल तर तिचे तास एकदाच लिहून दोन्ही रजिस्टरला तीच नोंद चालेल का हे चारी सरांनी आधीच ठरवून टाका, नाहीतर भांडण तिथंच लागतं. आणि शाळेला जोडून ज्युनिअर कॉलेज असेल आणि तिथं एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना) असेल तर त्यांना जरूर बोलवा, त्यांना वर्षाला १२० तास काम करायचंच असतं, टेबलावर एक मोठा दादा-ताई असले की आठवीची पोरं बिनधास्त होतात.

नववीचा_बाबा:
पालक म्हणून लिहितोय, राग मानू नका. घाटावरचं काम चांगलंच आहे पण तिथं बॅनर असतो, फोटो असतो, पेपरवाले येतात. शाळेतल्या मुतारीत पाणी येतंय का, पोषण आहाराचं उरलेलं अन्न कुठं जातं, पाचवीत आलेल्या ज्या पोरांना अजून नीट वाचता येत नाही त्यांच्याजवळ रोज मधल्या सुट्टीत कोण बसतंय, हे काम कुणाच्या डोळ्यावर येत नाही आणि माझ्या मते सेवा तिथंच शिकता येते. माझ्या मुलीला हे वाचनाचं काम दिलं होतं मागच्या वर्षी, एक मुलगा अक्षर लावत लावत पाटीवरचं दुकानाचं नाव वाचायला लागला तर घरी येऊन तेच सांगत होती. चार क्लब आहेत तर आठवड्याचे वार वाटून घ्या की, सोमवार एकाचा, मंगळवार दुसऱ्याचा. दहावीच्या मुलांना मात्र दिवाळीनंतर सोडा.

गोदाकाठ:
@नववीचा_बाबा अगदी बरोबर, आणि दोन्ही जोडता येतं. फुलांचं खत व्हायला दोन-तीन महिने लागतात, तोवर खड्ड्यात सुका पालापाचोळा टाकणं, ओल बघणं, वरखाली करणं हे वार लावूनच करावं लागतं. तयार खत स्काऊटवाल्यांनी 'खरी कमाई'त, म्हणजे स्वतः काम करून पैसे मिळवायच्या त्यांच्या उपक्रमात, विकायचं, पैसे वाचनाच्या पुस्तकांना.

संगमाकाठची_बाई:
सगळ्यांचे खूप आभार, मनापासून. शनिवारी शाळा सुटल्यावर आठ प्रतिनिधींची मीटिंग ठेवलीय, वृत्तांताची वही आणली. वाचनाचे वार गणपतीची वाट न बघता याच आठवड्यात सुरू करतोय, आणि जुलैतल्या रोपांना पाणी घालायचं कामही त्याच वारांत टाकणार. मूर्तीचं काय करावं, तेवढं अजून सांगा. पीओपीची मूर्ती अमोनियम बायकार्बोनेटच्या पाण्यात विरघळते ती पुण्याच्या एनसीएलची (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची) पद्धत वाचलीय, शाळेच्या आवारात एक टाकी ठेवून घरच्या छोट्या मूर्तींसाठी करावं म्हणतेय. अमोनियाचा वास किती येतो? मुलांना जवळ ठेवावं की फक्त आम्ही मोठ्यांनीच करावं?