मदत हवी आहे: दुखापतींवरून कोचची पारख कशी करायची?

नमस्कार मंडळी. इथे कोणी एनएफएल (अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग) नियमित बघणारे किंवा फिजिओथेरपिस्ट असतील तर मदत हवी आहे. एखाद्या संघात खेळाडू सतत जायबंदी होत असतील, तर त्यात कोचचा दोष किती आणि नशिबाचा किती, हे कसं ओळखायचं?

वॉशिंग्टन संघाचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू) रॉबर्ट ग्रिफिनचं प्रकरण माझ्या मनातून जात नाही. डिसेंबर 2012 मध्ये त्याचा उजवा गुडघा दुखावला होता. 6 जानेवारी 2013 ला सिअॅटलविरुद्धच्या प्लेऑफमध्ये (बाद फेरीत) तो सामन्याच्या चारपैकी पहिल्याच क्वार्टरमध्ये पुन्हा लंगडू लागला, तरी कोच माइक शानाहान यांनी त्याला चौथ्या क्वार्टरपर्यंत खेळवलं. शेवटी गुडघा पूर्ण गेला, शस्त्रक्रिया झाली आणि तो पूर्वीसारखा कधीच धावला नाही. पोरगा तेव्हा जेमतेम 22 वर्षांचा! "मी खेळतो" असं तो म्हणणारच. थांबवायचं काम मोठ्या माणसाचं, असं मला ठाम वाटतं.

पण सगळंच कोचच्या हातात नसतं, हेही कळतं. लीग आणि खेळाडूंच्या संघटनेतल्या 2011 च्या करारापासून पूर्ण पॅड (संरक्षक साहित्य) घालून सराव नियमित हंगामात फक्त 14 वेळा करता येतो. 2021 पासून प्रत्येक संघाचे नियमित हंगामातले सामने 16 चे 17 झाले. शिवाय रविवारी खेळून लगेच गुरुवारी पुन्हा मैदानात.

मग नेमकं बघायचं काय? स्नायूंच्या दुखापती सरावाशी जोडायच्या आणि टक्करीतल्या वेगळ्या धरायच्या, हे बरोबर आहे का? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावं.