टेनिस एल्बो : तुम्हाला कशाने गुण आला?

उजव्या कोपराची बाहेरची बाजू दुखते आहे. पोळी उलटताना, कुलपात किल्ली फिरवताना, दुधाची पिशवी उचलताना कळ जाते. नौपाड्यातल्या डॉक्टरांनी तपासून टेनिस एल्बो सांगितलं. एक्सरे नॉर्मल. फिजिओथेरपी करा किंवा इंजेक्शन घ्या, असं त्यांचं म्हणणं. ठाणे-नवी मुंबईत ज्यांनी हे भोगलंय त्यांनी सविस्तर लिहा, प्लीज. टेनिसची रॅकेट मी आयुष्यात धरलेली नाही!

ऐरोली : रॅकेट लागतच नाही, ताई. माझं माऊसमुळे झालं. टेबल उंच होतं, मनगट दिवसभर वर उचललेलं राहायचं. खुर्ची वर घेतली, माऊस डाव्या हातात घेतला. निम्मं दुखणं तिथेच गेलं.

रबाळे एमआयडीसी : मी फिटर आहे. सुट्टी परवडत नव्हती म्हणून स्टिरॉइडचं इंजेक्शन घेतलं. आठवडाभरात हात एकदम मोकळा, पाना धरून पुन्हा कामावर. काही महिन्यांत दुखणं परत आलं, तेही आधीपेक्षा जास्त. मला डायबेटिस आहे, इंजेक्शननंतर काही दिवस शुगरही चढली होती. साखर असेल तर डॉक्टरांना आधी सांगाच. नंतर व्यायामानेच बरा झालो, पण वेळ लागला.

नेरूळ (मी फिजिओथेरपिस्ट आहे) : दादांचा अनुभव अपवाद नाही. इंजेक्शनने पहिले सहा आठवडे छान जातात, पण वर्षाने पाहिलं तर इंजेक्शन न घेतलेले लोक जास्त बरे असतात, हे अभ्यासांत दिसलंय. मनगट मागे उचलणारा स्नायू कोपराच्या बाहेरच्या हाडाला जिथे चिकटतो, तिथला कंडरा झिजलेला असतो. तो हळूहळू भार देऊनच मजबूत होतो. हात टेबलावर, तळवा खाली, मनगट कडेबाहेर. हातात अर्धा लिटर पाण्याची बाटली. दुसऱ्या हाताने मनगट वर न्या आणि तीन-चार सेकंद घेत सावकाश खाली सोडा. थोडं दुखेल, ते चालतं. दुसऱ्या दिवशी दुखणं वाढलेलं असेल तर वजन कमी करा. रोज करा, निदान तीन महिने. लोक दुखणं कमी झालं की सोडतात, याचं मला फार वाईट वाटतं. बहुतेकांचं वर्षभरात ऑपरेशनशिवाय बरं होतं.

कोपरी : बाई, कपडे पिळणं आधी बंद कर. मी ओले कपडे नळावरच निथळत ठेवते. पिशवी उचलताना तळवा वरच्या बाजूला ठेव, खूप फरक पडतो. कणीक मुलाला मळायला लावली, आता छान मळतो.

वाशी : सगळं करून दुखणं न थांबल्यावर पीआरपी घेतलं. आपलंच रक्त मशीनमध्ये फिरवून त्यातल्या प्लेटलेट्स तिथे टोचतात. खर्चिक आहे, पहिले काही दिवस जास्त दुखतं. मला फायदा झाला, माझ्या मेव्हण्याला अजिबात नाही. ऑपरेशन अगदी शेवटचं. सचिनला २००५ मध्ये लंडनला करावं लागलं होतं, पण त्याच्या हातावरचा भारही तसाच होता.

घोडबंदर रोड : पट्टा वापरू का? माझ्या बोटांना मुंग्याही येतात.

नेरूळ : पट्टा कोपरावर नाही, दोन बोटं खाली बांधायचा, काम करतानाच, झोपताना काढा. पण मुंग्या टेनिस एल्बोत सहसा येत नाहीत. मानेतली किंवा हातातली नस दबलेली असू शकते. पट्टा घेण्याआधी डॉक्टरांकडून मान तपासून घ्या.