घरातली उपासना: तुमच्याकडे रोजची प्रार्थना कशी होते?

रविवारच्या उपासनेबद्दल आपण पुष्कळ बोलतो. संदेश कसा होता, कोणती गीतं घेतली, प्रभुभोजन कधी आहे. सोमवार ते शनिवार घरात काय चालतं, हे मात्र कुणी कुणाला विचारत नाही. म्हणून हा धागा. उपदेश नको, तुम्ही काय वाचता, काय म्हणता, कोणत्या वेळी, आणि काय टिकलं ते लिहा. कॅथलिक, प्रोटेस्टंट, सगळ्यांनी लिहा.

सुरुवात मी करते. आमचं घर नगरचं. संध्याकाळी दिवे लागले की सतरंजी अंथरायची. आधी एक गीत, मग वाचन, मग प्रार्थना, शेवटी सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना. वाचन आळीपाळीनं, एकेकानं एकेक वचन. नुकतं वाचायला शिकलेलं पोरही अडखळत आपलं वचन पुरं करायचं आणि तोवर सगळे थांबायचे. आजीला अक्षरओळख नव्हती. तिची पाळी आली की ती पुस्तकाकडे न बघता बायबलातलं तेविसावं स्तोत्र म्हणायची, आणि आजोबा ते वाचन म्हणूनच धरायचे.

आजीला गीतं तर कितीतरी पाठ होती. त्यातली बरीच नारायण वामन टिळकांची. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला, त्यानंतर त्यांनी ख्रिस्ताला अभंगात आणि ओवीत आणलं, कीर्तनात उभं केलं. जात्यावरच्या ओव्या म्हणत मोठ्या झालेल्या बायकांना त्या चाली शिकवाव्या लागल्या नाहीत. माझं ठाम मत आहे की आपल्या खेड्यापाड्यांतल्या मंडळ्या ज्या टिकल्या, त्या संदेशांपेक्षा या पाठ गीतांवर टिकल्या. आता तुम्ही लिहा.

वसईकर
आमच्याकडे रोझरी, म्हणजे मणी मोजत म्हणायची मरियेची प्रार्थना. रात्रीच्या जेवणाआधी, घरातलं कुणी बाहेर असेल तर त्याला सोडून, पण चुकवायची नाही. सोमवारी आणि शनिवारी आनंदाची रहस्यं (येशू-मरियेच्या आयुष्यातले मनन करायचे प्रसंग), मंगळवारी-शुक्रवारी दुःखाची, बुधवारी-रविवारी गौरवाची. गुरुवारची प्रकाशाची रहस्यं पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ मध्ये जोडली; माझ्या आईला ती शेवटपर्यंत नवीनच वाटली, पण तिनं तीही पाठ केली. मे महिन्यात आळीतल्या क्रूसापाशी सगळी घरं जमतात. फुलं, मेणबत्त्या, रोझरी, मग लितानी (एकानं म्हणायची, बाकीच्यांनी उत्तर द्यायची प्रार्थना), आणि पोरांना खाऊ.

एकच गोष्ट पुन्हापुन्हा म्हणून काय मिळतं, असं मला कामावरचे प्रोटेस्टंट मित्र विचारतात. तोंड ‘नमो मरिया’ म्हणत असतं तेव्हा मन त्या रहस्यापाशी बसलेलं असतं: गेथशेमानीत, स्तंभापाशी, क्रूसाखाली. पुन्हा म्हणणं हे तिथं बसून राहण्यासाठी आहे.

मिरजेची सिस्टर
(नन नव्हे, नर्स. आता निवृत्त.)
आमच्या काळात सकाळची ड्युटी वॉर्डातल्या प्रार्थनेनं सुरू व्हायची. एक गीत, चार वचनं, छोटी प्रार्थना. पेशंट सगळ्या धर्मांचे. कितीतरी जण हात जोडून पडल्यापडल्या ऐकायचे. रात्रपाळीला मात्र कुणी नसायचं. तिथं मी एकशे एकविसावं स्तोत्र धरलं. आठच वचनं आहेत. इस्राएलाचा रक्षक झोपत नाही, डुलकी घेत नाही, असं त्यात आहे. पहाटे तीन वाजता जागं राहणाऱ्या माणसाला याहून जवळचं वचन नाही. ऑक्सिजन लावलेल्या म्हाताऱ्या बाईंच्या उशाशी मी ते हळू आवाजात म्हणायचे. त्यांना ऐकू येत होतं की नाही, माहीत नाही. माझे हात स्थिर राहायचे.

संभाजीनगरहून
मी वाचनाबद्दल लिहितो. पूर्ण पवित्र शास्त्रात ११८९ अध्याय आहेत (आमच्या प्रोटेस्टंट, ६६ पुस्तकांच्या बायबलात). रोज तीन आणि रविवारी पाच वाचले तर वर्षात पुरं होतं. उत्पत्ती आणि निर्गम झरझर जातात. लेवीय या तिसऱ्या पुस्तकापाशी बहुतेकांची गाडी थांबते: होमार्पणं, चरबी, महारोगाची तपासणी. माझा उपाय असा की जुना करार, नवा करार आणि एक स्तोत्र, तिन्ही रोज. लेवीयाच्या सोळाव्या अध्यायातला प्रायश्चित्ताचा दिवस वाचताना त्याच सुमारास नव्या करारातल्या इब्रीकरांस पत्राचा नववा अध्याय वाचून पाहा. महायाजक वर्षातून एकदाच परमपवित्रस्थानाच्या पडद्याआड का जायचा आणि येशूबद्दल ‘एकदाच’ हा शब्द इतका जोर देऊन का आलाय, ते उलगडतं. त्यानंतर लेवीय मला कधी रुक्ष वाटलं नाही.

पुण्याहून, एक आई
लिहू की नको असं वाटत होतं. आमचा मुलगा गेला त्यानंतर मला प्रार्थना करता येईना. घरी येणारे लोक चांगल्या मनानं म्हणायचे, देवाची इच्छा. मी मान हलवायचे. मंडळीत गीत सुरू झालं की बाहेर जाऊन उभी राहायचे. एका वयस्कर पाळकबाईंनी मला काही समजावलं नाही. त्यांनी अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र उघडून दिलं आणि म्हणाल्या, “हे वाच, आणि देवालाच ऐकव.”

ज्यांनी ते वाचलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. दुःखाची स्तोत्रं पुष्कळ आहेत, पण बहुतेकांत शेवटाकडे कुठेतरी आशा येते, स्तुती येते. यात येत नाही. हा माणूस रात्रंदिवस देवाला हाक मारतो, तू माझ्यापासून तोंड का लपवतोस म्हणून विचारतो, आणि स्तोत्र अंधारातच संपतं. तरीही ते स्तोत्रसंहितेत ठेवलंय. म्हणजे असं बोलणं ही प्रार्थना आहे, हे कुणीतरी फार पूर्वी मान्य केलंय. मी रोज तेवढंच वाचायचे. पुढे कधीतरी त्याच्या शेजारचं एकोणनव्वदावंही वाचू लागले, ज्यात देवाची दया गायली आहे. अठ्ठ्याऐंशीवं अजूनही सोडलेलं नाही. ते माझं आहे.

एक धर्मगुरू
ताई, तुम्ही लिहिलंत म्हणून सांगतो. आमच्या कॅथलिक दैनिक प्रार्थनाविधीत दर शुक्रवारी झोपण्यापूर्वीच्या प्रार्थनेला हेच स्तोत्र असतं. जगभरातले धर्मगुरू, मठवासी, कितीतरी प्रापंचिक माणसं त्या रात्री ते म्हणतात. येत्या शुक्रवारी मी म्हणेन तेव्हा तुमच्या मुलाची आठवण करीन.

सावंतवाडीकर
आमच्या घरी उपवासकाळात (ईस्टरआधीचे चाळीस दिवस) फादर स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणातला येशूच्या दुःखसहनाचा भाग वाचतात. हा इंग्लंडात जन्मलेला येशूसंघी गोव्यात आला आणि त्यानं जवळजवळ अकरा हजार ओव्या मराठीत रचल्या. १६१६ साली राचोलला छापल्या गेल्या. भाषा जुनी, अधूनमधून अडतं. पण ओवी गळ्यावर घेतली की अर्थ मागून येतो. आमचे वडील वाचायचे तेव्हा शेजारचे वारकरी काकाही ओसरीवर येऊन बसायचे.

दुबईहून
इथं मोठी उपासना वर्षानुवर्षं शुक्रवारी होत आली, कारण सुट्टी तेव्हा असायची. मराठी कुटुंबं कुणाच्या तरी घरी जमतो, ‘उपासना संगीत’ या गीतांच्या पुस्तकातून गातो. पेटी वाजवणारा कुणी नसेल तर टाळ्यांवर. तुमचं वाचून एक विचारायचंय: आमची मुलं मराठी बोलतात पण वाचत नाहीत. त्यांना घरच्या प्रार्थनेत कसं घ्यायचं?

नगरची लेक (धागा काढणारी)
वाचायला लावू नका, आधी ऐकवा आणि पाठ करून घ्या. सुरुवात प्रभूच्या प्रार्थनेपासून, मग तेविसावं स्तोत्र, मग एकशे सतरावं. ते दोनच वचनांचं आहे, एका आठवड्यात होतं. गीताचं ध्रुवपद मुलांनी म्हणायचं, कडवी मोठ्यांनी. प्रत्येक मुलानं रोज एका माणसाचं नाव घेऊन त्याच्यासाठी प्रार्थना करायची, स्वतःच्या शब्दांत, कुठल्याही भाषेत. आणि वेळ जेवणाआधीची ठेवा. नंतर झोप येते. संडेस्कूलची सोनेरी वचनं कुणाकडे ध्वनिमुद्रित असतील तर इथं सांगा, या मुलांना लगेच उपयोगी पडतील.