वाळवलेली खिचडी महिन्यात खवट झाली: ट्रेकसाठी आणि पुराच्या दिवसांसाठी टिकाऊ जेवण कसं करावं?

सीनाकाठ:
नमस्कार मंडळी. सुकं जेवण दोन कारणांसाठी करून ठेवायचंय. एक, हरिश्चंद्रगडचा तीन दिवसांचा ट्रेक. दुसरं, सीनेला पूर येऊन वीज-रस्ता बंद झाला तर घरातल्या चौघांना तीन दिवस पुरेल एवढं. मूगडाळीची खिचडी नेहमीसारखी फोडणी देऊन केली, मे महिन्यात गच्चीवर कापडावर दोन दिवस वाळवली आणि झिपलॉकमध्ये भरली. महिन्याभरात खवट वास. काही दाणे खड्यासारखे, काही आतून चिवट. सोलापूरचं ४२ अंशांचं ऊन पुरत नाही का? डिहायड्रेटर (अन्न वाळवायचं विजेचं यंत्र) घ्यायची तयारी आहे, पण आमच्याकडे लाइट जाते.

डोंगरवाट:
खवटपणा फोडणीच्या तेलाचा. पाणी उडून जातं, तेल तिथंच राहतं आणि हवा लागून बिघडतं. त्यामुळे वाळवायच्या अन्नात तेल-तूप एक थेंबही नको, खोबरं नको, दाण्याचं कूट नको. आपल्याकडच्या काळ्या मसाल्यातही खोबरं, तीळ आणि तेल असतं. तो वेगळ्या पुडीत न्या आणि महिन्याभरात संपवा. पाकिटात घालायला हळद, हिंग, तिखट, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि आमचूर एवढं पुरतं. तूप छोट्या बाटलीत, माणशी एका जेवणाला एक मोठा चमचा.

भात आणि डाळ एकत्र वाळवू नका, दोन्हींचा वेग वेगळा आहे. पाच जेवणांचं माप: कोलम तांदूळ ३०० ग्रॅम, मूगडाळ १५० ग्रॅम. दोन्ही बिनमिठाचं शिजवा. भात मोकळा, पूर्ण शिजलेला हवा. गार पाण्याखाली एकदा धुऊन निथळा, म्हणजे गोळे होत नाहीत. डिहायड्रेटरच्या ट्रेवर एका थरात पसरा, ५७ अंशांवर ६ ते ८ तास, मध्ये दोनदा हाताने मोकळा करा. डाळ घोटून बटर पेपरवर ३ मिलिमीटर जाडीची पसरा. ८ ते १० तासांत तिचा पापुद्रा कडक होतो, तो मिक्सरमधून काढा. ही पूड आधणात लगेच मिळून येते.

लवकर आटपावं म्हणून सुरुवातीलाच ७० वर लावू नका. वरचं कवच कडक होतं आणि आतलं पाणी अडकतं. तुमचे चिवट दाणे तसलेच असावेत.

वाळलं का, हे वजनकाट्यावर ठरवा. कच्च्या तांदळातच साधारण १२ टक्के पाणी असतं. म्हणून ३०० ग्रॅम तांदळाचा वाळलेला भात २८५ ग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून कमी भरला पाहिजे. ३०० च्या वर भरला तर परत ट्रेवर. मीठ बाहेर ठेवायचं ते यासाठीच, नाहीतर हिशेब चुकतो.

सीनाकाठ:
तूप-मसाल्याचं पटलं. पण आपण कुरडया, पापड्या, सांडगे उन्हातच वाळवतो की. मग भातालाच काय होतं?

वाळवणघर:
पापडी पातळ असते, काही तासांत सुकते. भाताचा थर जाड आणि ओला. हवा ४२ अंश असली तरी ओलं अन्न पाणी उडताना स्वतः गारच राहतं, म्हणजे तासन् तास तिशीत. जंतू वाढायला याहून सोयीचं तापमान नाही. शिजलेल्या भातात बॅसिलस सिरियस नावाचा जंतू वाढतो, आणि त्याचं एक विष पुन्हा उकळूनही जात नाही. दुसऱ्या दिवसापर्यंत गच्चीवर राहिलेला भात वाळून खडखडीत झाला तरी खायचा नाही. दिसायला तो अगदी चांगला दिसतो, हाच धोका.

ऊन कच्च्या भाजीला वापरा, त्याला आपल्यासारखी हवा नाही. गवार ३ मिनिटं, गाजर-मटार २ ते ३ मिनिटं उकळत्या पाण्यात काढून मग घाला. कांदा तसाच, मेथी सावलीत. उन्हातल्या भाजीत किड्यांची अंडी राहतात, म्हणून भरण्याआधी दोन दिवस डीप फ्रीजरमध्ये, उणे १८ अंशांवर.

लाइटबद्दल: पहिल्या तीन-चार तासांत, माल ओला असताना दोन तासांपेक्षा जास्त वेळ गेली तर तो भात टाकून द्या, जीव तुटला तरी. शेवटच्या टप्प्यात गेली तर आल्यावर पुढे चालू करा.

मटकी किंवा मसूर चांगली वाळते. भिजवून, कुकरला बोटाने चिरडेल इतकी मऊ शिजवून ५७ वर ७ ते ८ तास. अर्धी कच्ची राहिली की कितीही उकळा, खडाच. राजमा, चणे डोंगरावर नेऊ नका, गॅस खातात. पनीर आणि अंडी तर घरी वाळवूच नका.

डोंगरवाट:
भरण्याबद्दल राहिलं. वाळलेला माल गार करून काचेच्या बरणीत दोन तृतीयांश भरा, आठवडाभर रोज हलवा. काचेला दव दिसलं तर परत वाळवा, बुरशी दिसली तर सगळी बरणी टाका. पाकिटं दुपारी तीन-चारच्या सुमारास भरा, तेव्हा हवा सर्वांत कोरडी असते. जुलैत उघड्यावर ठेवलं तर कुरकुरीत माल बघता बघता नरम पडतो.

ट्रेकला झिपलॉक पुरतं. महिनोन्महिने ठेवायचं असेल तर फॉइलचा मायलर पाऊच, आत एका जेवणाला १०० सीसीचा ऑक्सिजन अ‍ॅब्सॉर्बर (आतल्या हवेतला ऑक्सिजन शोषणारी छोटी पुडी), आणि हँड सीलरने दोन ओळी. अ‍ॅब्सॉर्बर पाणी शोषत नाही, फक्त ऑक्सिजन. ओला माल त्याच्यासोबत बंद केला तर बोटुलिझमच्या (जीवघेण्या अन्नविषबाधेच्या) जंतूला आयतं घर मिळतं. सिलिका जेल त्याच पाऊचमध्ये घालू नका, अ‍ॅब्सॉर्बरला लागणारा थोडासा ओलावा तेच ओढून घेतं.

परदेशी तक्त्यांमधली मुदत साधारण २१ अंशांची असते. ढोबळ हिशेब असा की दर १० अंशांना आयुष्य निम्मं. पत्र्याखाली ४१ अंशांत ठेवलेलं वर्षाचं पाकीट तीन महिन्यांचं उरतं. आतल्या खोलीत, जमिनीलगत ठेवा आणि तारीख घाला.

एका पाकिटात भात ५५ ते ६० ग्रॅम, डाळपूड ३० ग्रॅम, भाजी १५ ग्रॅम, मीठ-मसाला ६ ग्रॅम. ३५० मिलि पाण्यात १० मिनिटं भिजवा, २ मिनिटं उकळा, झाकून भांडं सोलापुरी टॉवेलात गुंडाळून १५ मिनिटं ठेवा. गडावर पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळतं, तिथं २० मिनिटं धरा.

भीमाकाठ:
पुराच्या तयारीत एक गोष्ट सुटतेय. चौघांना तीन दिवस, दोन वेळा म्हणजे २४ पाकिटं, नुसत्या भिजवण्यालाच साडेआठ लिटर स्वच्छ पाणी. पुरात नेमकं तेच नसतं. माणशी दिवसाला चार लिटर धरून ४८ लिटर पाणी आधी भरून ठेवा, मग पाकिटांचं बघा. आणि निम्मं अन्न पाण्या-आगीशिवाय खाता येईल असं ठेवा. कडक भाकरी त्यासाठीच आहे: ज्वारी, पाणी, तेल नाही. पत्र्याच्या डब्यात घट्ट झाकून ठेवली तर महिनाभर सहज टिकते. शेंगाचटणी मात्र दाण्याच्या तेलाने भाकरीआधी खवट होते, म्हणून ती थोडी आणि ताजी करा. पावसाळाभर दर महिन्याला डबा बदला, जुनी भाकरी आमटीत कुस्करून संपवा.

सीनाकाठ:
या आठवड्यात ३०० ग्रॅम तांदळाचा एकच घाणा करतो. बरणीतून निघाल्यावर वजन इथं टाकतो, बघून सांगा.