कॅमेरा घेतला हौसेने, आता बॅगेतून काढावासाच वाटत नाही

कपाटातला_कॅमेरा:
मंडळी, गेल्या दिवाळीच्या बोनसमधून कॅनन १५००डी घेतला, सोबत १८-५५ आणि ५५-२५० लेन्स. सुरुवातीला नुसता उत्साह, यूट्यूबवर अ‍ॅपर्चर, शटर स्पीड, आयएसओ ही उजेडाची सेटिंग्ज सगळी बघून झाली, कास झालं, भिगवणला फ्लेमिंगोसाठी पहाटे कुंभारगावला जाऊन बोटीत बसून झालं. फोटो अगदीच वाईट नाहीत हो, पण सेम टू सेम फोटो इन्स्टावर ढिगाने, आणि माझ्यापेक्षा कैक पटीने भारी. आता रविवार आला की बॅटरी तेवढी चार्ज करतो नि बॅग परत कपाटात. बायको म्हणते विकून टाक, तेही जिवावर येतं. तुमचा इंटरेस्ट कसा टिकतो? फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा कॅमेरा, घेतला तर फरक पडेल का?

टेकडीवाला:
फुल फ्रेम आधी डोक्यातून काढा राव, नव्या बॉडीचा जोश महिनाभर, मग तीही त्याच कपाटात. मला विचाराल तर तुमचा घोळ जागांचा आहे. कासची फुलं सप्टेंबर-ऑक्टोबरात संपली की संपली, फ्लेमिंगो हिवाळ्यातले पाहुणे, मग बाकीचं वर्ष काय करणार? आणि तिथे जाताना कुठला फोटो आणायचा हे आधीच ठरलेलं असतं, तो कुणीतरी काढून ठेवलेलाच असतो. पुण्यात असाल तर मंडईत जा, सकाळी, आणि दर रविवारी तिथेच जा. बाहेरून तिरका उजेड येतो, गाळ्यावर पिवळा बल्ब, त्यामुळे भाजीवाल्या मावशींचा एक गाल पिवळा नि एक निळसर दिसतो. ऑटो व्हाइट बॅलन्सचा, म्हणजे कॅमेरा आपोआप रंग जुळवतो त्याचा, पार गोंधळ उडतो तिथे, म्हणून रॉ फाइलमध्ये काढा, रंग नंतर कॉम्प्युटरवर नीट करता येतात. हे एकच कोडं सोडवत बसलात तरी दोन-तीन महिने कंटाळा फिरकणार नाही.

नुसती_बघे:
+१, पण मंडईत लोक खेकसत नाहीत का? मला तर कॅमेरा वर करायचीच लाज वाटते.

टेकडीवाला:
@नुसती_बघे, आधी भाजी घ्या, भाव विचारा, मग "काकू, एक फोटो काढू का?" नको म्हणाल्या तर पुढचा गाळा. आणि पुढच्या वेळी चार बाय सहाची प्रिंट नेऊन द्या, शेजारच्या गाळ्यावरून स्वतःहून हाक येते की नाही बघा. इन्स्टाच्या लाइकमध्ये ती मजा नाही.

चिपळूणकर०७:
थोडं वेगळं बोलतो. हौस आहे, नोकरी नाही, दोन महिने नाही काढले फोटो तर कोण मेमो देणार आहे? मी भातलावणीच्या दिवसांत कॅमेऱ्याला हातही लावत नाही. फक्त तो बॅगेत बंद करून ठेवू नका, दमट हवेत लेन्सला बुरशी धरते, काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी, आणि साफ करायला दिली तरी कोटिंग गेलं तर गेलं. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या, आत सिलिका जेल टाका, डबा टेबलावर डोळ्यासमोर ठेवा. समोर असला की हात आपोआप जातो, कपाटातलं कोण काढतंय!

कपाटातला_कॅमेरा:
धन्यवाद सगळ्यांना, डबा आजच आणतो. रविवारी मंडई नक्की. अंधार असतो ना आत, ट्रायपॉड नेऊ का?

टेकडीवाला:
अजिबात नको, गर्दीत कुणीतरी पिशवीसकट अडखळेल आणि शिव्या तुम्हाला. १८-५५ लावा, झूम न करता १८ वरच ठेवा म्हणजे ३.५ अ‍ॅपर्चर मिळेल, लेन्स जास्त उघडून उजेड जास्त येईल, आयएसओ १६०० आणि शटर १/१०० सेकंदापेक्षा हळू नको. ग्रेन, म्हणजे दाणेदारपणा, येईल थोडा, येऊ दे.