गांजा ओढायचा की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे का?

महालकर:
परवा नागपुरात फुटाळा तलावावर मित्र म्हणाला, सज्ञान माणूस घरात बसून गांजा ओढत असेल तर तुझं काय जातं? माझं काय गेलं ते सांगतो. धाकटा भाऊ एकोणिसाव्या वर्षी होस्टेलवर रोज ओढायला लागला. पुढच्या मे महिन्यात पारा ४५ वर आणि हा कूलर बंद करून बसायचा. कूलरमधून लोक आपल्याबद्दल बोलतात म्हणे. एका दुपारी वाळ्याची ताटी उपसून अंगणात फेकली. "ऐक ना दादा, आत्ता तुझंच नाव घेतलं." तेव्हा निवड करणारा तरी जागेवर होता का?

सदरवाला:
भाऊ, वाचून वाईट वाटलं. पण मी दहा वर्षांपासून अधूनमधून ओढतो, नोकरी करतो, घर चालवतो. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याचं कलम २७ मला सहा महिन्यांपर्यंत आत टाकू शकतं, दारूवाल्याला मात्र परवाना. चंद्रपुरात २०१५ ला दारूबंदी केली, २०२१ ला उठवली. मधल्या काळात चोरटी दारू येतच होती. कॅनडात २०१८ पासून गांजा दुकानात मिळतो, वयाची अट आहे, पाकिटावर टीएचसी, म्हणजे नशा आणणारा घटक, किती ते छापलेलं असतं.

इतवारीची ताई:
आपल्याकडे गुटखाबंदी २०१२ पासून आहे, तरी टपरीवर सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटून देतातच. वयाची अट कोण पाळणार? शाळकरी पोट्टे रांगेत असतील.

मनोविकार परिचारिका:
स्वीडनमध्ये सैन्यभरतीच्या ४५ हजारांवर मुलांची १५ वर्षांची नोंद तपासली, १९८७ साली निष्कर्ष आला. पन्नासहून जास्त वेळा ओढलेल्यांत स्किझोफ्रेनिया, म्हणजे भास आणि संशयाचा मानसिक आजार, न ओढणाऱ्यांच्या सहापट. इतर कारणं वजा केली की आकडा बराच उतरतो, पण धोका उरतोच. कोवळं वय, रोजचं ओढणं, जास्त टीएचसी, घराण्यात हा आजार, यातलं काहीही असेल तर जपा. सदरवाल्यांना काही झालं नाही याचा मला आनंदच आहे, पण त्यावरून दुसऱ्याच्या पोराला भरवसा देऊ नका.

सदरवाला:
मग पोराला जेल देऊन तो बरा होतो का?

महालकर:
नाही होत. हे तुझं मान्य. केस होईल या भीतीनं आम्हीच आठ महिने डॉक्टरकडे गेलो नाही. स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला कलम ६४-अ खटल्यातून सूट देतं, हे तेव्हा कोणी सांगितलं नाही. १४४१६ या टेली-मानस, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर फोन करता येतो, तेही आता कळलं. पण "ज्याचं त्याचं" हे मी मानणार नाही. आमच्या आजोबांच्या भावाला हाच आजार होता, घरात कधी कोणी बोललं नाही. तू तुझ्या आईला एकदा विचार, आपल्यात कुणाला होतं का. आज रात्रीच विचार.