बाळाचं अंथरूण: कमी खर्चात काय घ्यावं? तुमचे अनुभव सांगा

माझ्या लेकीला आठवा महिना लागलाय. बाळंतपणाला आमच्याकडे, साताऱ्याला आली आहे. जावयांची नोकरी दिवाळीत सुटली, नवीन मिळाली ती कमी पगाराची. त्यामुळे बाळाच्या अंथरुणा-पांघरुणाला ३,००० रुपयांच्या वर जायचं नाही असं आम्ही मायलेकींनी ठरवलंय. बाळाचा कॉट माझ्या भाचीकडचा मिळणार आहे, फक्त त्यावर घालायचं ते सगळं घ्यायचंय.

परवा दुकानात गेलो तर आठ नगांचा संच समोर ठेवला. गादी, रजई, उशी, दोन लोड, कॉटच्या कडांना आतून बांधायच्या गुबगुबीत पट्ट्या, आणखी काय काय. ४,५०० रुपये. लेक म्हणाली, "आई, यातलं बाळाला खरंच किती लागतं?" मला उत्तर देता आलं नाही. तिला मी वाढवली ती सासूबाईंच्या लुगड्याच्या गोधडीवर आणि राईच्या उशीवर, पण त्याला आता २९ वर्षं झाली.

म्हणून विचारते. तुम्ही काय घेतलं, त्यातलं काय वापरलं गेलं, काय घडीही न मोडता पडून राहिलं? पैसे कुठे वाचवले, आणि कुठे वाचवायला नको होते? आकडे सांगितलेत तर फार बरं होईल.

पुणे, मुलगा दीड वर्षाचा

काकू, तुम्ही सांगताय तसाच संच आम्ही घेतला होता. नवऱ्याच्या ऑफिसातल्यांनी पैसे जमवून दिले होते, म्हणून किमतीचा विचारही केला नाही. दीड महिन्याच्या लसीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, बाळ कशावर झोपतं? मी कौतुकाने मोबाइलवरचा फोटो दाखवला. त्यांनी एकेका वस्तूवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "ही उशी काढा, हे लोड काढा, रजई काढा, कडेच्या पट्ट्या सोडा." उरली फक्त गादी. मग म्हणाले, तिच्यावर तळहात दाबून बघा. घरी येऊन दाबला तर हात उचलल्यावरही खळगा तसाच राहिला. एवढी मऊ गादी तान्ह्या बाळाला चालत नाही, कारण बाळ वळलं आणि तोंड त्या खळग्यात गेलं तर त्याला मान उचलून बाजूला होता येत नाही.

त्या पट्ट्यांचंही तेच. अमेरिकेत २०२२ मध्ये कायदा करून अशा गुबगुबीत पट्ट्या विकायला बंदी घातली आहे, हे मला नंतर कळलं. शेवटी आम्ही काथ्याची गादी वेगळी करून घेतली. म्हणजे आठातला एकही नग उपयोगी पडला नाही. संच घेऊ नका एवढंच कळकळीने सांगते.

इचलकरंजी, दोन मुलांची आई

कापडाच्या गावात राहते, म्हणून कापडाचंच सांगते. तयार दुपटी घेऊ नका. मलमल मीटरवर घ्या. मी बारा मीटर घेतली, एक मीटरला एक दुपटं, कडा शिंप्याकडून ओव्हरलॉक करून घेतल्या. दुकानात तीन दुपट्यांना जेवढे पडतात तेवढ्यात बारा झाली. आणि बाळाला लागते ती संख्या! पहिल्या महिन्यात रात्रीतून पाच-सहा वेळा ओलं होतं. नक्षीदार चार दुपट्यांपेक्षा साधी बारा कितीतरी बरी.

नवं कापड खळीचं असतं. दोनदा गरम पाण्यात धुऊन, उन्हात वाळवूनच बाळाच्या अंगाशी लावा. कॉटच्या चादरीला मात्र चारी बाजूंनी इलॅस्टिक लावून घ्या. नुसती पसरलेली चादर बाळाच्या पायांनी गोळा होऊन तोंडाकडे येते.

नाशिक, नवजात शिशू विभागात सिस्टर, १४ वर्षं

वर डॉक्टरांनी सांगितलेलं अगदी बरोबर आहे. मला तीन गोष्टी जोडायच्या आहेत, कारण त्या घरोघरी बघते आणि दर वेळी जीव कळवळतो.

पहिली, डांबरगोळ्या. बाळंतपणासाठी ट्रंकेतून जुनी दुपटी, कुंची, गोधड्या निघतात. कपड्यांत वर्षानुवर्षं डांबरगोळ्या असतात. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं द्रव्य जन्मतःच कमी असतं. अशा बाळाला त्या गोळ्यांच्या नुसत्या वासाने किंवा कापडाच्या स्पर्शाने लाल पेशी फुटून जोराची कावीळ होऊ शकते. बाळ वरून अगदी ठणठणीत दिसतं, त्यामुळे घरच्यांना आधी कळत नाही. कावीळ फार वाढली तर मेंदूला इजा होते. तेव्हा जुनं कापड जरूर वापरा, पण ते गोळ्यांतलं असेल तर पुन्हापुन्हा धुऊन, भरपूर ऊन देऊन, वास पूर्ण गेल्यावरच. वास राहिला तर ते बाजूला ठेवा, मग ते कुणाचंही असो.

दुसरी, राईची उशी. डोकं गोल व्हावं म्हणून देतात, त्यामागची माया मला कळते. पण तान्ह्याचं डोकं शरीराच्या मानाने मोठं असतं. त्याखाली उशी आली की हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. वर्षभर उशी नको. डोकं एका बाजूला चपटं होऊ नये म्हणून झोपवताना तोंड आज डावीकडे, उद्या उजवीकडे करायचं. बाळ जागं असताना तुमच्या डोळ्यांसमोर थोडा वेळ पालथं घालायचं. याला एक पैसाही लागत नाही.

तिसरी, पाठीवर झोपवणं. आज्या मला विचारतात, सिस्टर, उताणं झोपवलं आणि दूध वर आलं तर घशात अडकेल ना? नाही अडकत. उताणं असताना श्वासनलिका अन्ननलिकेच्या वरच्या बाजूला असते, त्यामुळे वर आलेलं दूध खालीच राहतं आणि निरोगी बाळ ते गिळून टाकतं. पालथं झोपवलं की उलट होतं. ब्रिटनमध्ये १९९१ साली बाळांना पाठीवर झोपवा म्हणून मोठी मोहीम झाली आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांची संख्या झपाट्याने खाली आली.

आई शेजारी घेऊन झोपणार असेल, आणि आपल्याकडे बहुतेक आया झोपतातच, तर बाळ कमी दिवसांचं किंवा कमी वजनाचं नाही ना, घरात कुणी विडी-सिगारेट ओढत नाही ना, हे आधी बघा. यातलं एक जरी असेल तर बाळाची जागा वेगळीच हवी, आईच्या हाताच्या अंतरावर. सोफ्यावर बाळाला घेऊन कधीच डोळा लागू देऊ नका.

सांगोला, पाच नातवंडांची आजी

सिस्टरबाईंचं वाचून सुनेने मला उशीबद्दल वाचून दाखवलं. मी चार नातवंडांना राईची उशी केली. पाचवीला केली नाही. मला वाईट वाटलं होतं, खोटं का सांगू? आमच्याकडे वाकळ नि उशी आजीनेच द्यायची. मग सून म्हणाली, आत्या, तुम्ही वाकळ शिवा, ती खाली अंथरू. तीनच पदर घातले, धावदोरा जवळजवळ घेतला म्हणजे घडी पडत नाही. ती पाचवी नात आता वर्षाची झाली, त्याच वाकळेवर बसून खेळते.

डोंबिवली, बाबा, मुलगी सात महिन्यांची

आमचं घर एका खोलीचं. कॉट नकोच म्हणत होतो, पण खाली जमिनीवर मुंग्या आणि उंदरांची भीती, म्हणून इमारतीतल्या एका कुटुंबाकडून जुना लाकडी कॉट ७०० रुपयांत घेतला. काकूंनाही जुनाच मिळतोय, तर मोजपट्टी घेऊन बसा. दोन उभ्या दांड्यांमध्ये ६ सेंटिमीटरपेक्षा जास्त फट नको. माझ्या कॉटला दोन ठिकाणी ८ होती, सुताराकडून मध्ये दांड्या ठोकून घेतल्या. एक बाजू वर-खाली सरकणारी होती. ती खिळखिळी होऊन बाळ फटीत अडकतं, म्हणून अमेरिकेत २०११ पासून तसे कॉट विकता येत नाहीत. आम्ही ती बाजू स्क्रूने पक्की केली.

आणि गादी कॉटच्या मापाचीच हवी. गादी आणि कड यांच्यात दोन बोटांपेक्षा जास्त जागा असेल तर गादी लहान आहे. आमची आधीची लहान होती, मी कडेला गुंडाळलेली चादर भरली होती. बायकोने ती त्याच रात्री काढली आणि दुसऱ्या दिवशी आम्ही गादी करायला टाकली. पैसे वाचवायला नको होते ते इथे.

चिपळूण, जुलैतलं बाळंतपण

बारा दुपटी म्हणता? आमच्या पावसात वीसही पुरली नाहीत. आठ-आठ दिवस ऊन नाही. सासूबाई शेगडीवर टोपली पालथी घालून त्यावर दुपटी सुकवायच्या, पण धुराचा वास कापडात बसायचा आणि बाळ शिंकत राहायचं. मग पंख्याखाली दोरी बांधली आणि शेवटी इस्त्री फिरवायला लागलो. ओलसर दुपटं मात्र कधी वापरू नका. बाळ पावसाळ्यात होणार असेल तर रजईचे पैसे मलमलीत घाला.

नागपूर, मे महिन्यातलं बाळ

खाली जाड मेणकापड अख्ख्या गादीभर घातलं होतं. पाठभर घामोळं आलं. मग कमरेखाली येईल एवढाच तुकडा ठेवला आणि त्यावर सुती चादर ताणून घेतली. बाळाला गरम होतंय का हे हातापायांवरून कळत नाही, ते गारच असतात. मानेच्या मागे किंवा पोटावर हात लावून बघा.

जालना, पहिलं बाळ २०२०

माझं बाळंतपण सरकारी दवाखान्यात झालं. तेव्हा पहिल्या बाळाला बेबी केअर किट मिळायचं, राज्य सरकारची २०१९ ची योजना. अंगणवाडी ताईंनी माझं नाव आधीच नोंदवलं होतं. त्यात छोटी गादी, ब्लँकेट, मच्छरदाणी, टॉवेल, कपडे असं बरंच होतं. आमच्या घरी त्या वर्षी हाताला काम नव्हतं. ती मच्छरदाणी पुढे माझ्या जावेच्या बाळालाही झाली. फक्त ती सैल सोडू नका, चारी बाजूंनी ताणून गादीखाली खोचा, म्हणजे बाळाच्या तोंडावर येत नाही.

हेलसिंकी (फिनलंड), मूळ कराडची

इथे होणाऱ्या आईला सरकारकडून एक खोकं मिळतं. नको असेल तर १७० युरो रोख. ही पद्धत १९३८ पासूनची, आधी फक्त गरीब घरांसाठी होती, १९४९ पासून सगळ्यांना. खोक्यात कपडे असतात आणि तळाशी बसेल अशी छोटी गादी. कपडे काढले की ते पुठ्ठ्याचं खोकंच बाळाचा पहिला बिछाना. आईला फोनवर सांगितलं तर ती रडायलाच लागली, माझ्या नातीला खोक्यात झोपवणार का म्हणून. ती इथे आली, तळावरची घट्ट, सपाट गादी हाताने चाचपून बघितली, आणि म्हणाली, हे तर आपल्या सुपात बाळ निजवण्यासारखंच आहे.

थंडीत सुट्टं पांघरूण घालत नाही. बिनबाह्यांची, मापाची झोपायची पिशवी असते, मान आणि बगला नीट बसणारी. तशी पिशवी तुमच्या ओळखीचा शिंपी सहज शिवेल. पायांकडे मात्र ऐसपैस ठेवायला सांगा. पाय सरळ करून आवळून गुंडाळलं की खुब्याच्या सांध्याला त्रास होतो.

सातारा, पुन्हा मीच

सगळ्यांचे मनापासून आभार. लेकीने आणि मी सगळं दोनदा वाचलं. भाचीचा कॉट आला, दांड्यांमधल्या फटी मोजल्या, साडेपाच सेंटिमीटर भरल्या. आतून ४ बाय २ फूट. काल गादी कारखान्यात जाऊन मापाची ३ इंची काथ्याची गादी सांगितली, सुती खोळीसकट १,३५०. त्यांनी वर मऊ फोमचा थर घालू का म्हणून विचारलं, नको म्हटलं. मलमल बारा मीटर ७८०. घरातल्या मोठ्या सुती चादरी फाडून तीन इलॅस्टिकच्या चादरी शिवायला टाकल्या, शिलाई १८०. कमरेखाली घालायचे दोन ड्राय शीट ३००, मच्छरदाणी २५०. एकूण २,८६०. बाळ भाद्रपदात येईल, म्हणून मलमल आणखी लागेल. ती थोरल्या जाऊबाई बाळंतविड्यात देणार आहेत.

सिस्टरताईंचं वाचल्यावर सासूबाईंची ट्रंक उघडली. त्यांचं हिरवं इरकली लुगडं डांबरगोळ्यांतच होतं. तीनदा धुतलं, आठ दिवस गच्चीवर कडक उन्हात घातलं. आज संध्याकाळी नाकाला लावून बघितलं, अजून किंचित वास येतोय. लेकीला कळण्याआधी मीच ते परत दोरीवर टाकून आले. वास गेला तर तीन पदरांची गोधडी शिवेन, नाहीतर ते माझ्याच उशाशी राहील.